मेमरीत ठाण मांडून बसलेले प्रोग्रॅम

नेरळ-कर्जतकडच्या माणसाला बँकर इंजिन समजावून सांगावं लागत नाही. पुण्याकडे निघालेली गाडी कर्जतला थांबते, मागून ढकलायला बँकर लागतात, घाट चढला की लोणावळ्याला सुटतात आणि पुढच्या गाडीसाठी खाली परततात. 1980च्या दशकात पर्सनल कॉम्प्युटरवर याच जातीचे छोटे प्रोग्रॅम होते. त्या वेळची ऑपरेटिंग सिस्टीम डॉस वापरणारे त्यांना टीएसआर (टर्मिनेट अँड स्टे रेसिडेंट) म्हणत. काम झालं तरी ते मेमरीतून उठत नसत, हाकेची वाट बघत बसत.

त्यांतला गाजलेला म्हणजे बोरलँडचा साइडकिक, 1984 सालचा. वर्डस्टार या लेखनाच्या प्रोग्रॅममध्ये पत्र टाइप करताना मध्येच हिशेब आठवला, तर कंट्रोल आणि आल्ट एकदम दाबायचं. पत्राच्या डोक्यावर कॅल्क्युलेटर हजर! डॉस एका वेळी एकच प्रोग्रॅम चालवणारं, तेव्हा ही जादूच वाटे.

जादूची कळ कीबोर्डमध्ये होती. बटण दाबलं की प्रोसेसर हातातलं काम सोडून एका ठरलेल्या जागी नोंदलेल्या पत्त्यावर जातो; याला इंटरप्ट म्हणतात. टीएसआर सुरू होताना त्या जागेतला जुना पत्ता जपून ठेवी आणि तिथे स्वतःचा लिही. मग प्रत्येक बटण आधी त्याच्याकडे येई. आपलं असेल तर काम करायचं, नसेल तर निमूट जुन्या पत्त्याकडे पाठवायचं. अडचण अशी, की डॉस स्वतःच फाइल लिहीत असताना त्यालाच दुसरं काम सांगितलं तर मशीन जागच्या जागी गोठे. ही सगळी विद्या आपल्याकडच्या मुलांपर्यंत पोचवण्यात नागपूरच्या यशवंत कानेटकरांचा मोठा वाटा. त्यांचं सी भाषेवरचं 'लेट अस सी' सगळ्यांना माहीत असतं, पण 'रायटिंग टीएसआर्स थ्रू सी' हे अख्खं पुस्तक त्यांनी याच विषयावर लिहिलं.

1989मध्ये बोरलँडचं टर्बो पास्कल 5.5 आलं आणि घरगुती प्रोग्रॅमरच्या हातात ऑब्जेक्ट पडले. माहिती आणि तिच्यावर काम करणारा कोड एकत्र बांधायचा, बाहेरच्यांनी आत हात घालायचा नाही, एकाचे गुण दुसऱ्याने वारशाने घ्यायचे. टीएसआरमध्ये खिडकी एकदा लिहिली, की कॅल्क्युलेटर आणि वही तिचेच वारस. 640 केबीच्या मेमरीत हे परवडणार का, अशी शंका तेव्हा अनेकांना होती. आकडे बघा. ज्या ऑब्जेक्टमध्ये व्हर्च्युअल मेथड, म्हणजे वारसाला बदलता येणाऱ्या प्रोसिजर, आहेत, त्याच्यामागे दोन बाइट जास्त. शिवाय प्रत्येक प्रकारासाठी एक तक्ता, त्यात अशा दर मेथडला चार बाइट. हे किरकोळच. खरा फटका कोडचे तुकडे जोडून प्रोग्रॅम बनवणाऱ्या लिंकरचा. साधी प्रोसिजर कुणी वापरली नाही, तर लिंकर ती छाटून टाकी. व्हर्च्युअल मेथड मात्र तक्त्यात नोंदलेली, म्हणून वापरा वा न वापरा, आत येणारच. दुसऱ्याच्या जागेत राहणाऱ्या प्रोग्रॅमला हे जड जाई. त्यातून कीबोर्डचा इंटरप्ट येतो तेव्हा तो कोणत्या ऑब्जेक्टसाठी आहे हे सांगत नाही. त्यामुळे दारात एक साधी प्रोसिजर ठेवावीच लागे. तिने आत ऑब्जेक्टला उठवायचं.

अॅपलच्या मॅकिंटॉशवर गंमत उलटी झाली. 1984च्या पहिल्या मॅकमध्ये एकूण मेमरी 128 केबी. तिथल्या कॅल्क्युलेटर, गजराचं घड्याळ, वही यांना डेस्क अॅक्सेसरी म्हणत. मॅकच्या मूळ चमूतल्या अँडी हर्ट्झफेल्डने त्यांतलं सरकत्या चौकोनांचं कोडं आधी पास्कलमध्ये लिहिलं होतं. जागा खातं म्हणून असेम्ब्लीत पुन्हा लिहिलं, ते सुमारे 600 बाइटमध्ये बसलं. या अॅक्सेसरींची रचना ड्रायव्हरची, म्हणजे उपकरण चालवणाऱ्या प्रोग्रॅमची. स्वतःचे ग्लोबल व्हेरिएबल ठेवायची सोय नाही, कारण ती जागा चालू प्रोग्रॅमची. म्हणून आपली माहिती मेमरीतल्या एका हँडलला (जागेच्या खुणेला) टांगायची आणि सिस्टीमकडून येणारे निरोप झेलायचे: उघड, बंद हो, वेळ झाली, कॉपी कर, पेस्ट कर. आपली माहिती आपल्यापाशी, बाहेरच्यांशी बोलणं फक्त निरोपातून. ऑब्जेक्टची व्याख्या याहून काय वेगळी? भाषेत सोय नव्हती तरी जागेच्या टंचाईने शिस्त लावलीच. माझ्या मते छोट्या जोडप्रोग्रॅमांना ऑब्जेक्टची भाषा सोयीची झाली. गरजेची कधीच नव्हती.

पटत नसेल तर स्वतः करून पाहा. टर्बो पास्कल 5.5 बोरलँडने पुढे फुकट खुलं केलं आणि ते आजही डॉसची नक्कल करणाऱ्या डॉसबॉक्समध्ये चालतं. घरात कॉम्प्युटर शिकणारं कुणी असेल, तर या सुट्टीत पडद्याच्या कोपऱ्यात टिकटिकणारं एक घड्याळ त्याच्याकडून दोन तऱ्हांनी लिहून घ्या, एकदा ऑब्जेक्टसह, एकदा ऑब्जेक्टविना, आणि दोन्ही फाइलींचा आकार ताडून पाहा.