भरवसा कुठे तयार होतो?

सरकार योग्य तेच करील असा भरवसा तुम्हाला किती वेळा वाटतो? अमेरिकेत १९५८ पासून हा प्रश्न सर्वेक्षणांतून पुन्हा पुन्हा विचारला गेला आहे. १९६४ मध्ये ७७ टक्के लोकांनी ‘नेहमी’ किंवा ‘बहुतेक वेळा’ असे उत्तर दिले होते. व्हिएतनामचे युद्ध आणि वॉटरगेट घोटाळा यांनंतर हा आकडा घसरत गेला. २००१ च्या दहशतवादी हल्ल्यानंतर तो काही काळ वर आला, पण पुन्हा उतरला आणि २०२३ मध्ये १६ टक्क्यांपर्यंत आला. लोकशाही आजारी असल्याचा पुरावा म्हणून हा आलेख जगभर दाखवला जातो.

मला त्या आलेखाचे शिखर अधिक अस्वस्थ करते. १९६४ मध्ये मिसिसिपी आणि अलाबामातल्या बहुतांश कृष्णवर्णीयांचे नावच मतदारयादीत नव्हते. त्यांची नोंदणी अडवणाऱ्या युक्त्या मोडून काढणारा कायदा १९६५ मध्ये झाला. देशाचा सरकारवर सर्वाधिक विश्वास होता त्या वर्षी नागरिकांचा एक मोठा गट लोकशाहीच्या उंबऱ्याबाहेर उभा होता. म्हणून ‘विश्वास कमी झाला’ असे कोणी म्हटले की मी आधी विचारते, कोणाचा आणि कशावरचा?

मुळात विश्वास येतो कुठून, या प्रश्नाचे एक जुने उत्तर संस्कृतीकडे बोट दाखवते. राज्यशास्त्रज्ञ एडवर्ड बॅनफिल्ड यांनी १९५८ मध्ये दक्षिण इटलीतल्या एका गरीब गावावर पुस्तक लिहिले. तिथले लोक घरापलीकडे कोणाचे भले पाहत नाहीत, म्हणून गाव मागे राहिले, असा त्यांचा निष्कर्ष होता. पुढे रॉबर्ट पटनम यांनी १९७० मध्ये स्थापन झालेल्या इटलीच्या प्रादेशिक सरकारांची तुलना केली. रचना एकच, तरी उत्तरेत कारभार चालला आणि दक्षिणेत रखडला. त्याची मुळे त्यांनी मध्ययुगापर्यंत नेली. अभ्यास दांडगा आहे, पण त्यातून निघणारा अर्थ मला पटत नाही. तो गरिबाला सांगतो की तुझा अविश्वास तुझ्या पूर्वजांकडून आला आहे. ज्या कचेरीत त्याला दहा हेलपाटे घालावे लागतात, तिचा हिशेब त्यात कुठेच येत नाही.

बो रॉथस्टीन आणि एरिक उस्लानर यांनी २००५ मध्ये वेगळी मांडणी केली. समाजात विषमता कमी असेल आणि सरकारी सेवा सर्वांना सारख्याच अटींवर मिळत असतील, तर माणसे एकमेकांवर विश्वास ठेवू लागतात. ‘बहुतेक लोकांवर विश्वास ठेवता येतो’ असे डेन्मार्क आणि नॉर्वेत दहापैकी सात जण सांगतात. ब्राझील आणि कोलंबियात दहात एकही भरत नाही. नॉर्डिक देशांत शाळा, दवाखाना, बालसंगोपन या सोयी सर्वांसाठी आहेत. फक्त गरिबांसाठी असलेल्या योजनेत प्रत्येकाची गरिबी तपासावी लागते. तपासणारा संशयाने बघतो आणि ज्याला मिळत नाही तो मिळणाऱ्याकडे संशयाने बघतो. सर्वांना मिळणाऱ्या सेवेत हा पेच उभाच राहत नाही. स्वीडनमध्ये तर सरकारी कागद पाहण्याचा हक्क नागरिकांना १७६६ पासून आहे.

हा भरवसा किती झटपट मोडतो ते नेदरलँड्सने दाखवले. मुलांच्या पाळणाघरासाठी मिळणाऱ्या अनुदानात फसवणूक शोधताना तिथल्या करविभागाने हजारो पालकांना लबाड ठरवले. कागदावरच्या किरकोळ चुकीसाठी पूर्ण रक्कम परत मागितली. कुटुंबे कर्जात बुडाली, काहींचे संसार मोडले. जोखीम ठरवताना नागरिकत्वाचा निकष वापरला गेला होता आणि स्थलांतरितांच्या कुटुंबांना त्याची झळ अधिक बसली. डिसेंबर २०२० मध्ये संसदीय चौकशीचा अहवाल आला आणि जानेवारी २०२१ मध्ये अख्ख्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. हा देश विश्वासाच्या यादीत नेहमी वरच्या रांगेत असतो. पण त्या पालकांना सरासरीचा काय उपयोग?

भारताचे चित्र पाश्चात्त्य ठोकताळ्यांत बसत नाही. तिकडे गरीब मतदानाला कमी जातो. आपल्याकडे २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत गडचिरोली-चिमूरमध्ये सुमारे ७२ टक्के मतदान झाले, दक्षिण मुंबईत जेमतेम ५०. आदिवासीबहुल, दुर्गम मतदारसंघ पुढे आणि देशाची तिजोरी जिथे आहे तो मागे. मला यात भाबडेपणा दिसत नाही. मतदानाचा हा एकच दिवस असा असतो की रांगेत सगळ्यांचे वजन सारखे असते आणि ज्यांना ते एरवी मिळत नाही त्यांना त्याची किंमत जास्त कळते. इतर दिवशी मात्र ‘साहेब मीटिंगला गेलेत, उद्या या’ हे ऐकावे लागते. दक्षिण आशियाई लोकशाहीवरच्या २००८ च्या अहवालात लष्करावर सर्वाधिक, तर पोलीस व राजकीय पक्षांवर सर्वांत कमी विश्वास दिसला, यात नवल नाही. सामान्य माणूस रोज पोलिसांना तोंड देतो, लष्कराला नाही.

राजकारणात समता आणि समाजजीवनात विषमता या विसंगतीचा इशारा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत दिला होता. ती मिटवण्याचे काही प्रयत्न आपल्याच मातीत झाले आणि त्यांची आठवण पुरेशी ठेवली जात नाही, याची मला खंत आहे. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेली आणि १९७२ च्या दुष्काळात राज्यभर पसरलेली रोजगार हमी योजना ‘मागेल त्याला काम’ या तत्त्वावर उभी होती. १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. तिच्यासाठी शहरातल्या पगारदारांकडून व्यवसाय कर घेतला गेला. म्हणजे मुंबईचा कारकून मराठवाड्यातल्या मजुराचा पगार भरत होता आणि मजुराला ओळख, वशिला, दारिद्र्याचा दाखला काहीच लागत नव्हते. रॉथस्टीन ज्याला सार्वत्रिकता म्हणतात ती इथे खडी फोडणाऱ्या हातांपर्यंत पोचली होती. गैरव्यवहार झाले, मजुरी थकली, हेही खरे. पण हक्काने काम मागता येते ही सवय लागली.

राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने अविश्वासालाच कामाला लावले. डिसेंबर १९९४ मध्ये कोटकिराना गावात पहिली जनसुनावणी झाली. सरकारी मस्टर आणि बिले गावासमोर मोठ्याने वाचली गेली. कोण कामावर होते, कोण नव्हते, हे गावाला ठाऊक होते, फक्त कागदाला ठाऊक नव्हते. माहिती अधिकाराच्या २००५ च्या केंद्रीय कायद्याची वाट तिथून निघाली. महाराष्ट्राचा स्वतःचा कायदा त्याआधीच आला होता. मस्टर तपासायला येणारी बाई लोकशाहीवर रागावलेली नसते, ती लोकशाही वापरत असते.

आणि मने बदलतात का? पश्चिम बंगालच्या बीरभूम जिल्ह्यात एस्थर डुफ्लो व सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासात महिला सरपंचाचा कारभार पाहिलेल्या गावांत पुरुषांचा पूर्वग्रह कमी झालेला आढळला. त्याहून जवळचा दाखला मुंबईचा आहे. रिखिल भावनानी यांनी २००९ मध्ये दाखवले की जो प्रभाग आधी महिलांसाठी राखीव होता, तिथे आरक्षण उठल्यानंतरही स्त्री निवडून येण्याची शक्यता, कधीच राखीव नसलेल्या प्रभागाच्या सुमारे पाचपट होती. आधी समान संधी मिळाली, भरवसा मागाहून आला.

म्हणूनच पुढची गोष्ट मला गंभीर वाटते. मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा वाद आणि प्रभागरचना यांत निवडणूक अडकली आणि तीन वर्षांहून अधिक काळ शहराचा कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. राज्यातल्या इतर अनेक महापालिका आणि जिल्हा परिषदांचीही हीच गत झाली. त्या काळात नळाला पाणी आले नाही तर दार ठोठावायला नगरसेवक नव्हता. महाराष्ट्रात निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत. ज्या स्त्रियांनी त्या जागांवरून कारभार शिकायचा, त्यांची ही वर्षे कोणत्याही सर्वेक्षणाच्या आकड्यात धरली जाणार नाहीत.