तीन काडतुसांची मर्यादा : पंप-अ‍ॅक्शन बंदूक, शिकार आणि कायदा

नवी दिल्ली : अमेरिकेत रानबदकांच्या शिकारीला निघालेल्या माणसाच्या बंदुकीत एका वेळी तीनपेक्षा अधिक काडतुसे मावता कामा नयेत, असा नियम १९३५ पासून लागू आहे. बंदूक पाच काडतुसांची असली, तरी तिच्या साठवणनळीत एक दांडी बसवून दोन काडतुसांची जागा अडवावी लागते. ही दांडी अखंड असावी आणि बंदूक खोलल्याशिवाय निघू नये, अशीही अट आहे. वनरक्षक पाणथळीवर येतो, बंदूक रिकामी करून घेतो आणि तीत स्वतः काडतुसे घालून पाहतो. चौथे आत गेले, तर दंड ठरलेला.

हा नियम दिसतो तितका किरकोळ नाही. यंत्राचा वेग निसर्गाच्या सोसण्यापलीकडे गेला की काय करावे, या प्रश्नाला दिलेले ते उत्तर आहे. पंप-अ‍ॅक्शन शॉटगन ही अमेरिकेतील सर्वसामान्य शिकाऱ्याची बंदूक. तिची रचना, तिच्यावरील निर्बंध आणि तिच्या विक्रीतून वन्यजीव संरक्षणाला मिळणारा पैसा यांचा परस्परसंबंध समजून घेतला, तर बंदुकीविषयीची चर्चा केवळ बाजूने किंवा विरोधात अशी उरत नाही.

हाताने चालणारी यंत्रणा

शॉटगन म्हणजे छऱ्यांची बंदूक. रायफलीच्या नळीत आतून पीळ असतात व तिच्यातून एकच गोळी सुटते. शॉटगनची नळी आतून गुळगुळीत असते आणि एका काडतुसातून अनेक छर्रे एकदम बाहेर पडतात. उडता पक्षी किंवा हवेत फेकलेली तबकडी टिपण्यासाठी हा पसारा उपयोगी पडतो. नळीच्या मापाला भारतात ‘बोअर’ म्हणतात. एक पौंड शिशाचे बारा सारखे गोळे केले, तर त्यांपैकी एका गोळ्याचा जो व्यास तो बारा बोअरचा व्यास, सुमारे १८.५ मिलिमीटर. वीस बोअरची नळी त्याहून अरुंद, सुमारे १५.६ मिलिमीटरची असते.

पंप-अ‍ॅक्शन बंदुकीत नळीखाली आणखी एक नळी असते. तीत काडतुसे एकामागे एक रांगेने राहतात. पुढच्या हातात धरायचा सरकता दस्ता मागे ओढला की वापरलेले काडतूस बाहेर फेकले जाते आणि तोच दस्ता पुढे ढकलला की नवे काडतूस नळीत बसून कुलूपबंद होते. प्रत्येक बारासाठी ही हालचाल हातानेच करावी लागते. बाराच्या दाबावर चालणाऱ्या अर्धस्वयंचलित बंदुकीला ठरावीक जोराचे काडतूस लागते. पंप-अ‍ॅक्शन बंदुकीला हलके-भारी दोन्ही चालते, कारण तिला बळ देणारा हात असतो. चिखल, पाऊस व थंडी ती बऱ्यापैकी सोसते आणि तिची किंमतही तुलनेने कमी असते. तिची उणीवही त्याच हातात आहे. घाईत दस्ता पुरता मागे गेला नाही, तर नवे काडतूस येत नाही किंवा मध्येच अडकते.

नळीच्या तोंडाशी असलेल्या किंचित आवळलेपणाला ‘चोक’ म्हणतात. पूर्ण चोकच्या नळीतून ४० यार्डांवर मारलेल्या छऱ्यांपैकी सुमारे ७० टक्के छर्रे ३० इंच व्यासाच्या वर्तुळात पडावेत, असा जुना संकेत आहे. जवळच्या लक्ष्यासाठी मोकळी नळी, दूरच्यासाठी आवळलेली, हा साधा हिशेब.

ब्राउनिंग ते रेमिंग्टन

या यंत्रणेची सुरुवातीची बंदूक ख्रिस्तोफर स्पेन्सर यांनी १८८० च्या दशकात बाजारात आणली. परंतु तिला लोकप्रिय केले ते यूटामधील बंदूककार जॉन ब्राउनिंग यांनी. त्यांनी विंचेस्टर कंपनीसाठी १८९३ चे प्रारूप केले व धूरविरहित दारूचा जोर सोसावा म्हणून ते भक्कम करून १८९७ चे प्रारूप सिद्ध केले. त्याचे उत्पादन १९५७ पर्यंत चालले आणि दहा लाखांहून अधिक बंदुका विकल्या गेल्या. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्याने हीच बंदूक खंदकांत नेली. जर्मनीने सप्टेंबर १९१८ मध्ये तिच्या वापराचा औपचारिक निषेध केला. अमेरिकेने तो फेटाळला. पुढे १९५० मध्ये आलेल्या रेमिंग्टन ८७० या प्रारूपाच्या एक कोटी दहा लाखांहून अधिक बंदुका तयार झाल्या. शिकारी, पोलीस आणि सामान्य नागरिक अशा तिन्ही वर्गांत ती पोहोचली.

पक्षी कमी झाले तेव्हा

पंप-अ‍ॅक्शन बंदुकीचा उदय झाला, त्याच काळात अमेरिकेतील पक्ष्यांवर अवकळा आली होती. हॉटेलांना मांस व टोपीवाल्यांना पिसे पुरविणारे धंदेवाईक शिकारी रेल्वेने माल शहरांत पाठवीत. एकेकाळी आकाश झाकोळून टाकणारे प्रवासी कबूतर नामशेष झाले. त्या जातीची अखेरची मादी ‘मार्था’ १ सप्टेंबर १९१४ रोजी सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मरण पावली. तिच्या जातीचा अंत एकट्या बंदुकीने केला नाही. जाळी, जंगलतोड व बाजारपेठ यांचाही त्यात मोठा वाटा होता. तथापि या अनुभवाने कायद्याला वेग आला. १९०० च्या लेसी कायद्याने बेकायदा मारलेल्या प्राण्यांच्या आंतरराज्य व्यापाराला आळा घातला आणि १९१८ च्या स्थलांतरित पक्षी करार कायद्याने या पक्ष्यांच्या शिकारीचे नियमन केंद्र सरकारकडे आले.

१९३० च्या दशकातील दुष्काळात गवताळ प्रदेशांतील तळी आटली आणि बदकांची संख्या घसरली. तेव्हा १९३५ मध्ये तीन निर्बंध एकदम आले. दाणे टाकून पक्षी जमविण्यास बंदी, जिवंत बदके आमिष म्हणून बांधण्यास बंदी आणि तीन काडतुसांची मर्यादा. बंदूक काढून न घेता तिचा वेग कमी करायचा, हे या नियमाचे मर्म होय. त्याला अपवादही आहे. हिमहंसांची संख्या बेसुमार वाढून उत्तर ध्रुवीय प्रदेशातील त्यांच्याच वीणक्षेत्राची नासाडी होऊ लागली, तेव्हा १९९९ पासून त्यांच्यापुरती ही मर्यादा विशिष्ट काळात शिथिल करण्यात आली. हा नियम पक्ष्यांच्या संख्येशी बांधलेला आहे, हेच त्यातून दिसते.

छऱ्यातले विष

मारलेल्या पक्ष्यांइतकीच चिंता न लागलेल्या छऱ्यांचीही होती. बदके दळणासाठी बारीक खडे गिळतात. तळ्याच्या गाळातील शिशाचे छर्रे त्यांना खड्यांसारखेच वाटतात. गिळलेले शिसे पोटात झिजून रक्तात उतरते आणि पक्षी विषबाधेने मरतो. मेलेले बदक खाणाऱ्या गरुडालाही तीच बाधा होते. त्यामुळे पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशाच्या छऱ्यांवर अमेरिकेत टप्प्याटप्प्याने निर्बंध आले व १९९१ पासून देशभर बंदी लागू झाली.

त्यांची जागा पोलादाने घेतली. पोलाद शिशाहून हलके असल्याने तोच परिणाम साधण्यासाठी मोठ्या आकाराचे छर्रे घ्यावे लागतात. ते दबत नाहीत, म्हणून जुन्या, घट्ट चोकच्या नळीला त्यांपासून इजा होऊ शकते. वाडवडिलांची बंदूक वापरणाऱ्याने ती पोलादी छऱ्यांसाठी योग्य आहे की नाही, हे जाणकाराकडून तपासून घेणे आवश्यक असते.

कर आणि तिकिटाचा पैसा

अमेरिकी वन्यजीव संरक्षणाचा मोठा भाग शिकाऱ्यांच्या खिशातून चालतो. १९३४ पासून बदकांच्या शिकारीसाठी सोळा वर्षे व त्यावरील प्रत्येकाला ‘डक स्टॅम्प’ घ्यावा लागतो. पहिल्या तिकिटावरील चित्र व्यंगचित्रकार जे. एन. ‘डिंग’ डार्लिंग यांनी काढले होते आणि त्याची किंमत एक डॉलर होती. २०१५ पासून ती २५ डॉलर झाली. त्यातील बहुतांश रक्कम पाणथळ जमिनी विकत घेण्यावर व राखण्यावर खर्च होते. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने शॉटगन, रायफली व काडतुसे यांवरील ११ टक्के उत्पादन शुल्क राज्यांच्या वन्यजीव विभागांकडे वळविले. राज्याचे क्षेत्रफळ व परवानाधारक शिकाऱ्यांची संख्या पाहून वाटा ठरतो.

या व्यवस्थेतच एक पेच आहे. शिकारी कमी झाले, तर परवान्यांचे उत्पन्न घटते. दुसरीकडे स्वसंरक्षणाच्या भीतीपोटी शस्त्रखरेदी वाढली, तर ज्यांचा जंगलाशी संबंध नाही अशांच्या खरेदीतून जंगलाला पैसा मिळतो. संरक्षणाचा निधी शस्त्रविक्रीवर अवलंबून असावा काय, हा वाद तेथे अजून मिटलेला नाही.

मातीची कबुतरे

तबकड्यांच्या नेमबाजीचे मूळही शिकारीतच आहे. पूर्वी पेटीतून सोडलेल्या जिवंत कबुतरांवर नेम धरीत; १९०० च्या पॅरिस येथील स्पर्धांतही असा प्रकार झाला. काचेचे गोळे वापरून झाल्यावर १८८० च्या सुमारास सिनसिनाटीच्या जॉर्ज लिगोव्स्की यांनी मातीची तबकडी आणली. आजची तबकडी डांबरी राळ व चुनखडीची असते, परंतु ‘मातीचे कबूतर’ हे नाव टिकले. ‘ट्रॅप’मध्ये तबकडी नेमबाजापासून दूर जाते, तर ‘स्कीट’मध्ये ती दोन बाजूंच्या मनोऱ्यांतून आडवी येते. स्कीटचा जन्म १९२० च्या दशकात मॅसॅच्युसेट्समधील अँडोव्हर येथे झाला. ऑलिंपिकमध्ये तो १९६८ मध्ये आला.

हौशी नेमबाजाला पंप-अ‍ॅक्शन बंदूक येथे पुरेशी ठरते. परंतु एका पाठोपाठ दोन तबकड्या टिपताना मध्येच दस्ता ओढावा लागतो आणि नेम हलतो. त्यामुळे कसलेले खेळाडू एकावर एक दोन नळ्यांची बंदूक पसंत करतात. आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या नियमांत तर अर्धस्वयंचलित बंदुकीला मुभा असून पंप-अ‍ॅक्शनला मनाई आहे. भारताचे राज्यवर्धनसिंह राठोड यांनी २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये डबल ट्रॅप प्रकारात रौप्यपदक मिळविले. त्याआधी बिकानेरचे कर्णी सिंह यांनी १९६२ च्या कैरो येथील जागतिक स्पर्धेत ट्रॅपचे रौप्य जिंकले होते. दिल्लीच्या तुघलकाबाद येथील नेमबाजी संकुलाला त्यांचेच नाव आहे.

मालकीचे नियम

अमेरिकेत परवानाधारक विक्रेत्याकडून शॉटगन घेण्यासाठी केंद्रीय कायद्यानुसार किमान वय १८ असून खरेदीपूर्वी पार्श्वभूमी-तपासणी होते. राज्यांचे नियम त्याहून कडक असू शकतात. १८ इंचांहून आखूड नळीची शॉटगन १९३४ च्या कायद्याखाली स्वतंत्रपणे नोंदवावी लागते. तेथे नोकरी-शिक्षणासाठी गेलेल्या भारतीयांनी एक बाब ध्यानात ठेवावी. एच-१बी किंवा विद्यार्थी व्हिसासारख्या तात्पुरत्या व्हिसावरील परदेशी व्यक्तीने बंदूक बाळगणे सर्वसाधारणपणे केंद्रीय गुन्हा ठरतो. वैध शिकार परवाना असणे हा त्याला असलेल्या मोजक्या अपवादांपैकी एक आहे. मित्राच्या बंदुकीने हौस म्हणून मैदानावर नेम धरण्यापूर्वीही हा नियम तपासावा.

इतर देशांनी निराळा मार्ग धरला. हंगरफोर्ड येथील १९८७ च्या हत्याकांडानंतर ब्रिटनने १९८८ मध्ये साध्या शॉटगन परवान्यावर तीनपेक्षा अधिक काडतुसांची पंप-अ‍ॅक्शन बंदूक ठेवणे बंद केले. पोर्ट आर्थर येथील १९९६ च्या हत्याकांडानंतर ऑस्ट्रेलियाने ती अत्यंत मर्यादित वर्गांपुरतीच ठेवली.

भारतातील स्थिती

भारतात शस्त्र बाळगणे हा हक्क नाही. ती शासनाने दिलेली परवानगी असते. शस्त्र अधिनियम १९५९ व शस्त्र नियम २०१६ यांनुसार अर्जदाराचे वय किमान २१ असावे लागते आणि पोलीस अहवालानंतरच परवाना प्राधिकारी निर्णय देतात. किमान २० इंच नळीच्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीसाठी संरक्षण किंवा खेळ या कारणास्तव परवाना मिळू शकतो. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीकडील बंदुकांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली व परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षे केली. खेळाडूंसाठी स्वतंत्र सवलती आहेत.

शिकारीसाठी मात्र ही बंदूक वापरता येत नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ ने ती दारे बंद केली आहेत. अपवाद आहे तो पिकांची नासाडी करणाऱ्या प्राण्यांचा. मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी प्राधिकृत केलेला अधिकारी लेखी कारण नोंदवून रानडुकरासारखा प्राणी मारण्यास परवानगी देऊ शकतो. केरळने २०२२ मध्ये रानडुकरांबाबत हा अधिकार स्थानिक स्वराज्य संस्थांच्या प्रमुखांपर्यंत नेला. अशा परवानगीने मारलेला प्राणी शासनाची मालमत्ता ठरतो. त्याचे मांस घरी नेता येत नाही. विदर्भ-मराठवाड्यातील शेतकऱ्याला रानडुकरे आणि रोही यांचा उपद्रव नवा नाही. पण शेजाऱ्याची बंदूक उसनी आणून शेतात बसणे हा त्यावरचा उपाय नव्हे. तेथे शस्त्र आणि वन्यजीव असे दोन्ही कायदे मोडतात.

चार सवयी

बंदूक कोणत्याही देशातील असो, अपघात टाळणाऱ्या सवयी सारख्याच आहेत. प्रत्येक बंदूक भरलेली आहे असे समजावे. नळी सुरक्षित दिशेला ठेवावी. नेम धरेपर्यंत बोट चापाबाहेर असावे. लक्ष्याच्या मागे काय आहे, हे आधी पाहावे. पंप-अ‍ॅक्शनमध्ये आणखी एक दक्षता हवी. नळी रिकामी दिसली, तरी खालच्या साठवणनळीत काडतूस असू शकते. दस्ता एकदा हलला की ते वर येते. म्हणून दोन्ही जागा डोळ्यांनी आणि बोटाने तपासाव्या लागतात.

काडतुसांची सरमिसळ त्याहून घातक आहे. वीस बोअरचे काडतूस बारा बोअरच्या नळीत घसरून मध्येच अडकते. वरवर नळी मोकळी वाटते. त्यामागे बारा बोअरचे काडतूस घालून बार काढला, तर नळी फुटून हात किंवा डोळा जाऊ शकतो. म्हणूनच वीस बोअरची काडतुसे पिवळ्या रंगाची करण्याचा प्रघात पडला. खिशात दोन मापांची काडतुसे एकत्र ठेवू नयेत, हा शिकाऱ्यांचा पहिला धडा त्यातूनच आला आहे.