वाट चुकलेली विमाने

आकाशात रस्ते नाहीत, की मैलाचे दगड नाहीत. तरीही सहस्रावधी विमाने अहोरात्र नेमक्या ठिकाणी जाऊन उतरतात. यामागील गणित मोठे कठोर आहे. विमानाची दिशा अवघा एक अंश चुकली, तर साठ मैल गेल्यावर ते मार्गापासून सुमारे एक मैल बाजूस पडते. सहाशे मैलांवर दहा मैल! ही चूक टाळण्यासाठी मानवाने उत्तमोत्तम यंत्रे निर्माण केली. मग विमाने वाट का चुकतात? याचे उत्तर पुष्कळदा वैमानिकाच्या अवधानात सापडते.

पहिला शत्रू थकवा. १३ फेब्रुवारी २००८ रोजी हवाई बेटांतील होनोलुलूहून हिलोकडे निघालेल्या विमानात दोन्ही वैमानिकांस सकाळीच झोप लागली. लागोपाठ काही दिवस पहाटे उठून त्यांनी उड्डाणे केली होती. नियंत्रण कक्ष हाका मारीत होता आणि विमान हिलो मागे टाकून समुद्रावर पुढे चालले होते. सुदैवाने वैमानिक जागे झाले व विमान सुखरूप परतले. थकलेला मेंदू क्षणभर निद्रित होतो आणि ते त्याचे त्यालाच उमगत नाही, हा यातील खरा धोका होय.

दुसरा शत्रू व्यग्रता. २१ ऑक्टोबर २००९ रोजी अमेरिकेतील सॅन डिएगोहून मिनिआपोलिसला जाणारे विमान ते शहर ओलांडून सुमारे दीडशे मैल पुढे गेले. वैमानिक जागेच होते. परंतु लॅपटॉप उघडून कामाच्या नव्या वेळापत्रकाची चर्चा करण्यात ते गढून गेले होते. विमान ऑटोपायलट चालवीत होता. उतरण्याची वेळ विचारण्यासाठी परिचारिकेने फोन केला, तेव्हा कोठे ते भानावर आले. यंत्र काम करू लागले, की माणसाकडे केवळ पाहत राहण्याचे काम उरते. आणि नुसते पाहत राहण्यास मन फार लवकर कंटाळते.

तिसरा शत्रू अंधविश्वास. ३ सप्टेंबर १९८९ रोजी ब्राझिलमधील माराबाहून बेलेमकडे निघालेल्या विमानाच्या उड्डाणपत्रिकेत दिशा ०२७० अशी छापली होती. अखेरचे शून्य दशांशाचे. म्हणजे दिशा २७ अंश, उत्तरेकडची. कप्तानाने ती २७० अंश, म्हणजे थेट पश्चिम, अशी वाचली. सहवैमानिकाने पत्रिका न पाहता कप्तानाचाच आकडा उतरून घेतला. जो सूर्य डाव्या हातास मावळावयाचा, तो समोर मावळत होता; तरी वैमानिकांनी ते ध्यानात घेतले नाही. तासाभराचा प्रवास तीन तासांहून अधिक लांबला, इंधन संपले आणि रात्री विमान ॲमेझॉनच्या अरण्यात कोसळले. त्यात काही प्रवासी प्राणांस मुकले.

या शत्रूंवर उपायही योजलेले आहेत. वैमानिकांच्या कामाचे तास व विश्रांती नियमाने बांधलेली असतात. दहा हजार फुटांखाली उड्डाणाखेरीज अन्य संभाषण करू नये, असा नियम अमेरिकेने १९८१ साली केला. एकाने यंत्रात आकडा भरावा व दुसऱ्याने तो मूळ कागदाशी स्वतंत्रपणे ताडून पाहावा, हीही रीत आहे.

विद्यार्थिमित्रहो, परीक्षेच्या आदल्या रात्री जागरण करणारा मेंदू आणि वैमानिकाचा मेंदू निराळे नाहीत. शेजाऱ्याचे उत्तर ताडून पाहणे वेगळे आणि उतरून घेणे वेगळे. आपल्या वहीत त्या भेदाचे मोल चार गुण असेल. त्या रात्री ते माणसांच्या प्राणांएवढे होते.