जुनी एम. जी. आणि घाटाची वाट

भोपाळहून इंदूरमार्गे मुंबईस निघालेल्या जुन्या ‘एम. जी. टी. सी.’ गाडीची कसोटी लागते ती सेंधव्यापुढील बिजासन घाटात. 1945 ते 1949 या काळात इंग्लंडात बांधलेल्या ह्या दोन आसनी गाडीची एक खोड मोठी विलक्षण! इंजिनाच्या बोल्टांचे आटे मेट्रिक, डोकी मात्र ब्रिटिश व्हिटवर्थ मापाची. मॉरिस कंपनीने 1923 साली कॉव्हेंट्री येथील हॉचकिस ह्या फ्रेंच कंपनीचा कारखाना घेतला; आटे पाडणारी यंत्रे तिथली, पाने मात्र इंग्रज मिस्त्र्यांच्या हातचे. आज वाटेतल्या मिस्त्रीचा पाना त्या डोक्यास नीट बसत नाही. जाणता चालक पाने व सुटे बोल्ट जवळ बाळगतो, इंदुरास मुक्काम करतो आणि पहाटेच खलघाटला नर्मदा ओलांडतो. म्हणजे ऊन तापण्यापूर्वी घाट मागे पडतो.