नागां रिव्हॉल्व्हर: फट बुजवणारी रचना

रिव्हॉल्व्हरच्या फिरत्या सिलिंडरमध्ये आणि नळीमध्ये बारीक फट ठेवावीच लागते, नाहीतर सिलिंडर फिरणार नाही. बार उडताना थोडा वायू त्या फटीतून निसटतो आणि गोळीचा जोर किंचित कमी होतो. बेल्जियमच्या लिएज शहरातल्या लिऑन नागां यांच्या रिव्हॉल्व्हरने ही फट बुजवली. घोडा चढवला की सिलिंडर पुढे सरकून नळीला भिडतो. काडतूसही खास आहे: गोळी पितळी कवचात पूर्ण बुडालेली असते, कवचाचं तोंड नळीत शिरतं आणि बाराच्या दाबाने फुगून जागा घट्ट बंद करतं. फारच देखणी युक्ती!

रशियाने १८९५ मध्ये हे सात गोळ्यांचं, ७.६२ मिलिमीटरचं शस्त्र स्वीकारलं. पुढे ते तुला शहरात बनू लागलं. अधिकाऱ्यांच्या रिव्हॉल्व्हरचा नुसता चाप ओढला तरी चाले. शिपायांना दर वेळी घोडा हाताने चढवावा लागे.

मात्र चाप फार जड. रिकामी टरफलंही दांडीने एकेक ढकलून काढावी लागत. लढाईत हा तोटा, माझ्या मते, वाचवलेल्या वायूपेक्षा मोठा होता. तरीही दुसऱ्या महायुद्धातही त्याचं उत्पादन चालूच होतं. फट बंद असल्यामुळे त्यावर आवाज दाबणारं उपकरणही उपयोगी पडे. इतर बहुतेक रिव्हॉल्व्हरांवर त्याचा फारसा फायदा होत नाही.