जळगावची तीन कविघरं

आमच्या जळगावकडे कापूस आणि केळी पिकतात, हे सगळ्यांना ठाऊक. कविताही पिकते, हे मी मराठीचा मास्तर म्हणून पोरांना बजावून सांगायचो.

बहिणाबाईंपासूनच सुरुवात करावी लागते. जन्म 1880, माहेर असोदे, सासर जळगावचे चौधरी. लिहिता-वाचता येत नव्हतं. ऐन तिशीत वैधव्य, पदरी तीन लेकरं. जात्यावर, शेतात, चुलीपुढे ओव्या सुचायच्या. मुलगा सोपानदेव आणि त्यांचे मावसभाऊ पितांबर त्या वहीत टिपून घ्यायचे. 1951 साली बहिणाबाई गेल्या. मग सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली आणि 1952 मध्ये अत्र्यांच्या प्रस्तावनेसह ‘बहिणाबाईंची गाणी’ निघालं. त्यांची बोली लेवा गणबोली. पुण्या-मुंबईकडचे लोक तिला सर्रास अहिराणी म्हणतात, ते मात्र खटकतं.

धरणगावचे त्र्यंबक बापूजी ठोमरे 1907 च्या जळगावच्या कविसंमेलनात ‘बालकवी’ झाले. 1918 मध्ये भादली स्टेशनाजवळ रेल्वेखाली सापडून गेले, तेव्हा वय तीसही नव्हतं.

ना. धों. महानोरांचं पळसखेड जिल्ह्याच्या हद्दीपलीकडे, अजिंठ्याच्या डोंगराजवळ. पण आम्ही त्यांना आमचेच मानतो. ‘रानातल्या कविता’ 1967 ची. पुढे विधान परिषदेत गेले, तरी शेती सुटली नाही. माझ्या मते शेतीचं पाणी त्यांच्याइतकं कुणी कवितेत आणलं नाही.

अजिंठा बघायला येणाऱ्यांनी जुन्या जळगावातल्या चौधरीवाड्यातही डोकावून जावं. बहिणाबाईंच्या वापरातल्या वस्तू तिथे जपल्या आहेत.