दमा आणि पथ्य : पावसाळ्यातील एक कोडे

पावसाळा लागला की मालवणच्या किनाऱ्यावर दम्याच्या रुग्णांचा त्रास वाढतो आणि घरोघरी पथ्ये सुरू होतात. दही, ताक, केळे बंद. सोलकढी 'थंड' म्हणून बंद. मासळी तर सर्वांत आधी बंद. मुलाच्या ताटात उरते पेज आणि लोणचे. अशा पथ्याने दमा खरोखर आटोक्यात येतो का?

आधी दम्यात काय घडते ते पाहू. दम्याच्या रुग्णाच्या श्वासनलिकांना आतून सूज असते. धूळ, धूर, बुरशी, सर्दीचे विषाणू किंवा थंड हवा यांमुळे त्या चेतवल्या जातात. नलिकांभोवतीचे स्नायू आकसतात, आत चिकट स्राव साठतो, उच्छ्वास कठीण होतो आणि छातीतून शिट्टीसारखा आवाज येतो. ही सूज कमी ठेवण्याचे काम श्वासावाटे घ्यायची औषधे करतात. कोणताही आहार त्यांची जागा घेऊ शकत नाही.

मग अन्नाचा संबंध कुठे येतो? महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांच्या मासेमारीला बंदी असते. या दिवसांत सोडे, जवळा, सुके बांगडे यांचा वापर वाढतो. नेमक्या याच दिवसांत भिंतींना ओल येते, गोधड्यांना ऊन मिळत नाही, बुरशी वाढते आणि ओल्या लाकडांचा धूर घरात कोंडतो. दमट हवेत अंथरुणातील 'माइट' हे सूक्ष्म जीवही फोफावतात. सुकी मासळी आणि दमा एकाच वेळी वाढले, म्हणून एक दुसऱ्याचे कारण ठरत नाही.

तरीही सोड्यांना पूर्ण निर्दोष म्हणता येत नाही, आणि त्याचे कारण प्राणिशास्त्राच्या पुस्तकात सापडते. माइट, कोळंबी आणि कुर्ली हे तिन्ही संधिपाद संघातले. त्यांच्या स्नायूंत ट्रोपोमायोसिन नावाचे जवळजवळ सारखे प्रथिन असते. त्यामुळे माइटचे वावडे असलेल्या काहींना कोळंबीचेही वावडे असते. हे प्रथिन शिजवल्याने नष्ट होत नाही. फार संवेदनशील व्यक्तीला कोळंबी शिजतानाच्या वाफेनेही धाप लागू शकते. बांगडा आणि तारली मात्र पृष्ठवंशीय. त्यांच्यातील वावडे निर्माण करणारे मुख्य प्रथिन वेगळे आहे. म्हणजे कोळंबी न सोसणाऱ्याला बांगडा सोसू शकतो. 'मासळी बंद' हा सरसकट नियम इथेच कोसळतो.

बांगड्याची गोष्ट थोडी निराळी आहे. तो बर्फाविना राहिला तर जिवाणू त्यातील हिस्टिडिनचे हिस्टामिन बनवतात. असा बांगडा खाल्ल्यावर चेहरा लाल होतो, डोके दुखते, अंगाला खाज सुटते, क्वचित छातीही भरून येते. हिस्टामिन शिजवूनही जात नाही. दोष इथे बांगड्याचा नसून साठवणीचा असतो, आणि तरी त्याला वावडे म्हटले जाते.

तिसरा संशयित बाटलीत असतो. फळांचे रस व स्क्वॅश टिकवण्यासाठी पोटॅशियम मेटाबायसल्फाइट वापरतात. आम्लयुक्त रसात त्यातून सल्फर डायऑक्साइड सुटतो आणि दम्याच्या काही रुग्णांना तो झोंबतो. बाटलीवरील २२० ते २२८ हे क्रमांक सल्फाइट गटाचे. त्यांत २२४ हा या क्षाराचा. कोळंबी काळी पडू नये म्हणूनही सल्फाइट वापरले जाते.

आहाराचा फायदाही आहे, पण तो मर्यादित. ऑस्ट्रेलियात १३७ प्रौढ रुग्णांवर झालेला एक प्रयोग २०१२ साली प्रसिद्ध झाला. रोज भाज्यांचे पाच व फळांचे दोन भाग खाणाऱ्या गटाच्या तुलनेत, दोन्ही कमी खाणाऱ्यांचा दमा बळावण्याची शक्यता दुपटीहून अधिक आढळली. टोमॅटोच्या अर्काच्या गोळ्यांनी मात्र ही उणीव भरून निघाली नाही. म्हणून लाल माठ, शेवगा, भोपळा, पेरू, पपई ताटात हवीत. वजन प्रमाणात राहणेही महत्त्वाचे, कारण स्थूलपणात दमा आटोक्यात ठेवणे अवघड जाते. उलट वाढत्या वयात मासळी व दही विनाकारण तोडले, तर प्रथिने आणि कॅल्शियम कमी पडतात. दमा तसाच राहतो आणि मूल मात्र खुरटते.

शिक्षकांना यात बरेच करता येईल. दमा असलेल्या विद्यार्थ्याला चार आठवड्यांची वही ठेवायला सांगा. काय खाल्ले, घरात धूर होता का, अंथरूण दमट होते का, सर्दी होती का, खोकला केव्हा आला, हे पाच रकाने पुरेत. एखाद्या पदार्थानंतर वारंवार त्रास दिसला, तर वही डॉक्टरांना दाखवावी. तपासणी करून तेवढाच पदार्थ टाळता येतो. संशयित पदार्थ मुद्दाम खाऊ घालून घरी किंवा वर्गात परीक्षा पाहू नये. खाल्ल्यानंतर काही वेळातच ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या आणि धाप लागली, तर तातडीने रुग्णालय गाठावे. आणि पथ्य सुरू आहे म्हणून कोणी इनहेलर घरी ठेवून आला असेल, तर पालकांना त्याच दिवशी बोलावून घ्यावे.